दंतमूल आणि आम्ल : एका आशेचा इतिहास

मुंबई बेटाची उत्तरेकडील हद्द जेथें संपत असे, त्या जागेस 'शीव' हें नांव पडलें. अलीकडे मुंबई, पलीकडे साष्टी, आणि मध्यें खाडीचें पाणी. जेरार्ड ऑंजियर हा मुंबईचा गव्हर्नर असतांना, म्हणजे १६६९ ते १६७७ या काळांत, इंग्रजांनीं येथील टेकडीवर किल्ला बांधला, तो याच हद्दीच्या रक्षणासाठीं. किल्ल्याचे अवशेष अजून उभे आहेत. हद्द मात्र केव्हांच पुसली गेली. जवळच्या शीव कोळीवाड्यांत मूळचे रहिवासी कोळी. पुढें १९४७ च्या फाळणीनंतर तेथील लष्करी बराकींतून निर्वासितांना आसरा मिळाला, आणि कोळ्यांच्या वस्तीला लागूनच पंजाबी व सिंधी वस्ती झाली. आगगाडीच्या 'कोळीवाडा' स्टेशनाचें नांवहि कालांतरानें 'गुरु तेगबहादुर नगर' असें झालें. या निर्वासित स्वयंपाक्यांनीं तळलेल्या कोळंबीला कोळीवाड्याचें नांव दिलें व तें देशभर गेलें. खाण्याची अशी आवड असलेल्या या वस्तींत दांतांचा विषय काढणें अप्रस्तुत ठरूं नये.

मनुष्याच्या शरीरांतहि अशीच एक शीव आहे. आपलें सर्व शरीर आंतून-बाहेरून एका अखंड आवरणानें झांकलेलें आहे. बाहेर त्वचा, तोंडांत व अन्नमार्गांत श्लेष्मल पापुद्रा. या आवरणाला भेदून, एक पाय हाडांत रोवून व दुसरा उघड्यावर ठेवून उभी राहणारी एवढी कठीण वस्तु दांताशिवाय दुसरी नाहीं. दांत व हिरडी यांच्या सांध्याशीं आंतलें निर्जंतुक जग आणि बाहेरचें जंतूंनीं गजबजलेलें जग हीं एकमेकांना भिडतात. या नाक्यावर पहारा ढिला पडला कीं शत्रु आंत शिरतो.

पहाऱ्याची व्यवस्था मोठी चतुर आहे. दांताचें मूळ जबड्याच्या हाडांत खिळ्यासारखें ठोकलेलें नसतें. तें हाडाच्या खांचेंत असंख्य बारीक तंतूंनीं टांगलेलें असतें. मूळ आणि हाड यांमधील हें अंतर मिलिमीटरच्या पांचव्या हिश्श्याएवढें. तंतूंचें एक टोंक हाडांत आणि दुसरें मुळावरील 'सिमेंटम' नांवाच्या पातळ थरांत पुरलेलें असतें. हिरडीची कड दांताभोंवतीं घट्ट बसलेली असते आणि दांत व हिरडी यांमधील निरोगी फट एकपासून तीन मिलिमीटरपर्यंतच खोल असते. दांतांच्या कडेला जंतूंचा चिकट थर सांचूं लागला म्हणजे हिरडी सुजते, लाल होते, घांसतांना रक्त येतें. थर तसाच राहिला तर लाळेंतील क्षारांनीं त्याचें दगडासारखें कीटण बनतें. मग कित्येकांच्या बाबतींत फट खोल होत जाते, तंतु तुटतात, हाड झिजतें आणि दांत हालूं लागतो. यालाच लोक 'पायोरिया' म्हणतात. दुखणें फारसें नसतें, आणि हाच या रोगाचा कपटीपणा.

या रोगाविषयीं आमच्या घरांतून दोन मतें ऐकूं येतात. एक मत असें कीं साठी उलटली म्हणजे दांत जावयाचेच. हालला तो काढून टाकावा आणि कवळी बसवावी. दुसरें मत जाहिरातींनीं पढविलेलें. अमुक औषध लावा, तमुक रसायन भरा, म्हणजे गेलेली हिरडी व हाड पुन्हां जसेंच्या तसें उगवेल. पहिल्या मतानें मनुष्य वांचविण्याजोगे दांत गमावतो. दुसऱ्यानें पैसा गमावतो आणि पुष्कळदां दांतहि. या दोहोंमध्यें सत्य कोठें आहे हें ठरविण्यास एका विशिष्ट उपायाचा इतिहास फार उपयोगी पडतो. रोगट मुळावर रसायन लावून तुटलेला बंध पुन्हां जोडतां येईल काय, हा तो प्रश्न होय.

प्रश्न नवा नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मुखरोगांचें वर्णन आहे, त्यांत दंतमूलाचे पंधरा रोग सांगितले आहेत. शीताद, दंतपुप्पुटक, दंतवेष्टक, शौषिर, उपकुश, वैदर्भ अशीं त्यांचीं नांवें. कोणांत हिरडींतून अकस्मात् रक्त येतें, कोणांत पू वाहतो, कोणांत दांत चळतात. आजच्या पायोरियाचीं बहुतेक लक्षणें या यादींत विखुरलेलीं सांपडतात. चिकित्सास्थानांत उपाय दिले आहेत. दंतशर्करेविषयीं, म्हणजे आपण ज्याला कीटण म्हणतों त्याविषयीं, ग्रंथकाराचा सांगावा असा कीं दंतमूलांना इजा न करितां वैद्यानें शर्करा खरवडून काढावी आणि मग मधांत कालविलेलें लाखेचें चूर्ण चोळावें. वैदर्भाच्या बाबतींत तर तो असें सांगतो कीं शस्त्रानें दंतमूलें शुद्ध करावीं, त्यावर क्षार लावावा आणि नंतर शीतल उपचार करावे. आधीं मूळ खरवडणें, मग त्यावर तीक्ष्ण द्रव्य लावणें, मग दाह शमविणें, हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

हा ग्रंथ सामान्य वाचकाच्या हातीं आला तो मुंबईच्याच कृपेनें. जावजी दादाजी यांनीं स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्यांतून, यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं शोधिलेली डल्हणाच्या टीकेसह सुश्रुतसंहिता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रसिद्ध झाली, आणि ती आजहि अभ्यासकांच्या संग्रहीं असते. परंतु अशा ठिकाणीं आपल्यांतील कित्येकांना जो मोह होतो तो येथें आवरला पाहिजे. सुश्रुतानें वापरला तो क्षार, आणि ज्याची कथा आम्ही पुढें सांगणार आहों तें आम्ल. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें हीं दोन टोंकें. वनस्पति जाळून त्यांच्या राखेपासून केलेल्या क्षाराचे मृदु, मध्यम व तीक्ष्ण असे तीन प्रकार सुश्रुत सांगतो. इतकेंच नव्हे तर क्षारानें झालेला दाह आम्लद्रव्यानें शमतो, हेंहि तो जाणतो. म्हणजे त्याच्या चिकित्सेंत आम्ल हें क्षाराला आवरणारें होतें. क्षार लावण्याचा त्याचा उद्देश दूषित मांस जाळून जखम शुद्ध करणें हा दिसतो. मुळाशीं नवा तंतुबंध उगवावा असा दावा त्यानें केलेला नाहीं. त्याची थोरवी निराळी आहे. रोगाचें ठाणें दांतांत नसून मुळाच्या पृष्ठभागावर व त्याच्या भोंवतालीं आहे, आणि औषधाच्या आधीं तो पृष्ठभाग हातानें स्वच्छ केला पाहिजे, हें त्यानें ओळखिलें.

पाश्चात्त्य देशांत दंतविद्येला शास्त्राचें रूप देणारा पहिला मोठा ग्रंथ पॅरिसच्या पिएर फोशार यानें १७२८ सालीं लिहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील हार्टफोर्ड येथील जॉन रिग्ज या दंतवैद्यानें मुळांवरचें कीटण काळजीपूर्वक खरवडल्यास हिरड्या बऱ्या होतात असें आग्रहानें प्रतिपादिलें. कांहीं काळ या रोगालाच 'रिग्जचा रोग' म्हणत असत. त्याच सुमारास आम्लाचा प्रवेश झाला. १८८३ सालीं मार्शल या दंतवैद्यानें गंधकाम्लाचें एक सौम्य औषधी मिश्रण वापरून हिरडी पुन्हां चिकटल्याचा वृत्तांत दिला. १८९० नंतरच्या दशकांत यंगर यानें त्याच कामीं दुधाच्या आंबटपणांतील, म्हणजे लॅक्टिक, आम्ल वापरलें. १८९९ सालीं स्टीवर्ट यानें कीटण व सिमेंटम खरवडणें आणि आम्लानें मुळाचा पृष्ठभाग मऊ करणें या दोहोंची सांगड घातली. कल्पना सोपी होती. कठीण, मळकट पृष्ठभागावर जिवंत मांस धरत नाहीं. तेव्हां आम्लानें तो मृदु व ताजा करावा. परंतु हीं मंडळी आपल्याच रुग्णांचे अनुभव सांगत होतीं. आम्ल न लावलेल्या रुग्णांशीं तुलना नव्हती, आणि हिरडी खरोखर मुळाशीं जुळली कीं नुसती टेकून बसली हें सूक्ष्मदर्शकाखालीं कोणी पाहिलें नव्हतें.

ही वाट पुढें अर्धशतकाहून अधिक काळ ओस पडली, आणि तिच्या उलट दिशेनें एक वादळ आलें. विल्यम हंटर या इंग्रज वैद्यानें १९१० सालीं मॉंट्रिअल येथील मॅकगिल विद्यापीठांत व्याख्यान देऊन तोंडांतील पू हें अनेक शरीररोगांचें मूळ आहे असें ठासून सांगितलें. त्याच्या बोलण्यांत तथ्यांश होता, पण अनुयायांनीं त्याचा अतिरेक केला. सांधे दुखले, ताप राहिला, पोट बिघडलें, तर दांत उपटा, हा शिरस्ता झाला. पुढील दोन-तीन दशकांत असंख्य लोकांचे दांत, त्यांत कित्येक चांगले दांत, व्यर्थ गेले. मुंबईंत शिक्षित दंतवैद्य तेव्हां थोडे, कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं देशांतील पहिलें दंतमहाविद्यालय काढलें, आणि मुंबईंत नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ सालीं सुरू झालें. दंतवैद्यांचा कायदा झाला तो १९४८ सालीं. तोंवर बहुसंख्य लोकांना दंतोपचार म्हणजे सांडशी एवढेंच ठाऊक होतें. 'हालला कीं काढा' हें जें मत आजहि आपल्या घरांतून ऐकूं येतें, त्याची एक मुळी या काळांत रुजलेली आहे असें आम्हांस वाटतें.

आम्लाचें पुनरुज्जीवन झालें तें दंतवैद्यकांत नव्हे, अस्थिवैद्यकांत. १९६५ सालीं लॉस एंजेलिस येथील शस्त्रवैद्य मार्शल युरिस्ट यांनीं हाडाचा तुकडा आम्लांत ठेवून त्यांतील चुना काढून टाकला व उरलेला मऊ सांगाडा प्राण्याच्या स्नायूंत पुरला. तेथें, जेथें हाडाचें कांहीं काम नाहीं अशा जागीं, नवें हाड तयार झालें. दांताचें मुख्य द्रव्य जें डेंटीन तें हाडाचेंच भावंड. तेव्हां दांत जागच्या जागीं ठेवून, त्याच्या मुळाच्या पृष्ठभागावरचा तेवढा चुना आम्लानें काढला तर तेथें नवा बंध उगवेल काय, असा प्रश्न रजिस्टर यांनीं १९७३ सालीं हातीं घेतला. १९७५ व १९७६ सालीं त्यांनीं बर्डिक यांच्यासह प्राण्यांवर निरनिराळीं आम्लें लावून पाहिलीं. सर्वांत उत्तम ठरलें सायट्रिक आम्ल, म्हणजे आपल्या लिंबांत असतें तेंच. मात्र पीएच एक इतकें तीव्र, आणि दोन ते तीन मिनिटेंच लावावयाचें.

हें आम्ल काय करतें तें सांगितलें पाहिजे. मूळ हत्यारानें खरवडलें म्हणजे त्यावर बारीक भुकटीचा एक लेप उरतो. सुतारानें रंधा मारल्यावर भुसा राहतो तसा. शिवाय रोगट सिमेंटममध्यें जंतूंचीं विषें मुरलेलीं असतात. आम्ल लेप धुऊन टाकतें, विषांचा अंश कमी करतें आणि पृष्ठभागावरील चुना विरघळवून आंतील कोलॅजेनचे तंतु उघडे पाडतें. उघडे पडलेले हे तंतु आणि जखमेंत नव्यानें होणारे तंतु दोन दोरांचे पीळ एकमेकांत गुंफावे तसे गुंफले जातील, अशी ही आशा. ती पोकळ नव्हती. कुत्र्यांवरील प्रयोगांत असा बंध दिसला. आणि १९८० सालीं कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, काढावयाचे ठरलेल्या मानवी दांतांवर उपचार करून व नंतर तेच दांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून, पूर्वी रोगट असलेल्या मुळावर नवा तंतुबंध झाल्याचें दाखविलें. मार्शल व यंगर यांना जें डोळ्यांनीं दिसल्यासारखें वाटलें होतें, त्याला सुमारें शंभर वर्षांनंतर प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

येथें कथा संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु शास्त्रांत 'होऊं शकतें' आणि 'होतें' यांमध्यें मोठें अंतर असतें. उपचार शेंकडों रुग्णांवर करावयाचा, अर्ध्या दांतांना आम्ल लावावयाचें, अर्ध्यांना नाहीं, आणि महिन्यांनंतर खोली मोजावयाची, अशी कसोटी सुरू झाली तेव्हां आम्ल लावलेले दांत आम्ल न लावलेल्यांहून सहसा सरस ठरेनात. मुळें नीट खरवडून साफ केल्यानें जो लाभ होई, तोच दोन्हीकडे दिसे. कांहीं प्राण्यांच्या प्रयोगांत तर मूळच झिजूं लागलें. शिवाय एवढें तीव्र आम्ल भोंवतालच्या नाजूक मांसालाहि जाळतें.

असें कां व्हावें, याचा उलगडा दुसऱ्या दिशेनें झाला. १९७६ सालीं मेल्चर यांनीं असें मांडलें कीं जखम झाल्यावर मुळाच्या पृष्ठभागावर कोणत्या पेशी आधीं पोंचतात यावर बरें होण्याचा प्रकार ठरतो. हिरडीच्या वरच्या आवरणाच्या पेशी सर्वांत चपळ. त्या आधीं उतरतात आणि मुळावर लांबलचक अस्तर घालतात. बाहेरून हिरडी घट्ट दिसते, पण आंत तंतु नसतात. हाडाच्या पेशी आधीं आल्या तर दांत हाडालाच सांधला जाण्याची व मूळ झिजण्याची भीति. खरा बंध उभारण्याचें सामर्थ्य मुख्यतः जुन्या तंतुबंधांतील पेशींत असतें, आणि त्या सावकाश चालतात. आम्लानें जमीन नांगरली खरी. पण पेरणी कोणी करावयाची हें त्याच्या हातीं नव्हतें. म्हणून १९८२ सालीं नायमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हिरडी आणि मूळ यांमध्यें एक पडदा ठेवून चपळ पेशींना अडविलें व मंद पेशींना वेळ मिळवून दिला. ही युक्ति योग्य जागीं पुष्कळ यशस्वी ठरली.

आम्लाच्या पुरस्कर्त्यांनींहि हात टेकले नाहींत. १९८६ सालीं टेरानोवा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टेट्रासायक्लीन या औषधाच्या द्रावणानें डेंटीन धुतल्यास त्यावर पेशींना धरून ठेवणारें फायब्रोनेक्टिन अधिक चिकटतें असें दाखविलें. पुढील दशकांत स्वीडनमध्यें ब्लॉमलॉफ व लिंडस्कोग यांनीं ईडीटीए हें चुना शोषून घेणारें द्रव्य उदासीन, म्हणजे न आंबट न क्षारीय, अशा स्थितींत वापरलें. त्यानें तंतु उघडे पडतात आणि भोंवतालचें मांसहि जळत नाहीं. याच देशांत हामरस्ट्रॉम यांच्या संशोधनांतून डुकराच्या पिलांच्या कोंवळ्या दांतांतील प्रथिनांचें एक औषध निघालें. तें लावण्यापूर्वी मूळ दोन मिनिटें ईडीटीएनें धुण्याची रीत पडली. परंतु २००३ सालीं मारिओटी यांनीं तोंवरच्या सर्व चिकित्सा-प्रयोगांचा एकत्र धांडोळा घेतला, तेव्हां सायट्रिक आम्ल, टेट्रासायक्लीन किंवा ईडीटीए यांनीं मूळ धुतल्यामुळें रुग्णाच्या दृष्टीनें जमेस धरावा असा अधिक लाभ होतो असें दिसून आलें नाहीं. पडदा व प्रथिनें यांचा लाभ मात्र मान्य झाला, तोहि सर्वत्र नव्हे; हाडांत खोल व अरुंद खांच पडली असेल तेथें विशेष, हाड सरसकट आडवें झिजलें असेल तेथें फारच थोडा.

शंभर वर्षांच्या या खटाटोपाला फुकट गेला असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. अयशस्वी उपायानेंच प्रश्नाचा खरा आकार दाखविला. मूळ स्वच्छ असणें आवश्यक, पण पुरेसें नाहीं. पेशी, जागा, रक्ताची गुठळी स्थिर राहणें आणि काळ, या सर्वांची अनुकूलता लागते, हें या मार्गानें जातांनाच कळलें. आणि आणखी एक गोष्ट कळली, ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ज्यांनीं आशा उत्पन्न केली त्यांच्याच व्यवसायबंधूंनीं ती मोजून पाहिली आणि ती उणी भरली असें स्वतःच प्रसिद्ध केलें. आपल्याकडे जुन्या ग्रंथांतील एखादा उपाय सांगितला कीं तो मान्य तरी करावयाचा नाहीं तर हंसण्यावारी तरी न्यावयाचा, असे दोनच पक्ष असतात. मोजून पाहणें हा तिसरा पक्ष आपण अजून पुरता अंगीं बाणविलेला नाहीं. सुश्रुताचा खरा आदर त्यांतच आहे.

आतां घरच्या कामाचें. डेन्मार्कमधील आरहुस येथें १९६५ सालीं लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींना दांत घांसणें बंद करावयास सांगितलें. तीन आठवड्यांच्या आंत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घांसणें पुन्हां सुरू होतांच थोड्या दिवसांत त्या पूर्ववत् झाल्या. या रोगाचा आरंभ इतका साधा आणि इतका परतवितां येण्यासारखा आहे. एकदां तंतु तुटून हाड गेलें म्हणजे मात्र जगांतील उत्तमांत उत्तम उपायानेंहि तें थोडें व कांहीं ठिकाणींच परत येतें. तेव्हां दांत घांसतांना रक्त आलें कीं घांसणें थांबविण्याची जी आपल्या घरांतील रीत आहे, ती उलटी आहे. रक्त येणें ही अधिक नीट घांसण्याची व दंतवैद्यास दाखविण्याची सूचना होय. राखुंडी व भरड मीठ यांनीं दांतांचें कवच व मुळें झिजतात. मिश्री ही भाजलेली तंबाखू आहे. ती दंतमंजन नव्हे. विडी-सिगारेट ओढणाराच्या हिरड्यांतून रक्त कमी येतें, म्हणून रोग त्याच्या डोळ्यांआड वाढत राहतो. मधुमेह असलेल्यानें तर याविषयीं दुप्पट जागरूक असावें, कारण हे दोन रोग एकमेकांस बळ देतात.

कोळीवाड्यांतील एखाद्या वृद्धेस भाकरी आणि सुकट चावून खातां येणें, ही लहान गोष्ट नाहीं. कवळीनें चावणें व आपल्या दांतानें चावणें यांतील फरक ज्याचे दांत गेले त्यालाच कळतो. तिच्या मुळांवरचें कीटण वेळींच निघालें, तर दांत पुढील कित्येक वर्षें टिकण्याची चांगली आशा असते. त्यास ना तीव्र आम्ल लागतें, ना डुकराच्या दांतांतील प्रथिन. शीवच्या बराकींत १९४७ सालीं ज्याचा आरंभ झाला तें लोकमान्य टिळकांच्या नांवाचें महापालिकेचें रुग्णालय, किंवा नायरचें दंतमहाविद्यालय, यांच्या दारापर्यंत तिनें दांत हालण्यापूर्वीं जावें, एवढी व्यवस्था व एवढी समजूत समाजानें निर्माण करणें हें आजचें कर्तव्य होय. उगवून देण्याचें शास्त्र पुढें वाढत राहीलच. पण जें अजून हातांत आहे तें राखण्याचें शास्त्र आपल्याला पूर्ण अवगत आहे, आणि तें स्वस्तहि आहे.